मळाचा जमाखर्च

कोणत्या वस्त्रास कोणता क्षार लावावा, हा प्रश्न आज वाण्याच्या दुकानातील फळीसमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा समजला जातो, आणि त्याचा निकाल बहुधा किंमत, वास आणि जाहिरात या तिघांच्या संगनमताने लागतो. परंतु एके काळी हा प्रश्न धर्मशास्त्राच्या अधिकारातला होता, आणि ज्या मनुस्मृतीने राजधर्म, दायभाग, प्रायश्चित्त अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह केला, तिच्याच पाचव्या अध्यायात त्याचे उत्तरही दिलेले आहे. रेशमी व लोकरी वस्त्रे खारवट मातीने धुवावीत, कुतप म्हणजे नेपाळी कांबळी रिठ्याने, अंशुपट्ट नावाचे तलम वस्त्र बेलफळाने, आणि अळशीच्या धाग्याचे क्षौमवस्त्र पांढऱ्या मोहरीने शुद्ध करावे, अशी ती व्यवस्था आहे. वस्त्राच्या जातीनुसार साधन बदलावे, हे तत्त्व त्यात इतके स्वच्छपणे मान्य झालेले आहे की, रेशमासाठी वेगळी बाटली आणि सुतासाठी वेगळी पुडी विकणाऱ्या आजच्या कारखानदाराने स्मृतिकारास आपला पूर्वसूरी म्हणून नमस्कार करावयास हरकत नाही.

मात्र याच अध्यायात, या व्यवस्थेच्या थोडे आधी, स्मृतिकार एक असे विधान करून जातो की ज्याच्यापुढे ही सारी खारमातीची यादी गौण ठरावी: सर्व शौचांमध्ये अर्थशौच, म्हणजे द्रव्यव्यवहारातील शुद्धता, हेच श्रेष्ठ; जो व्यवहारात शुद्ध तोच शुद्ध, माती आणि पाणी यांनी शुद्ध झालेला तो शुद्ध नव्हे. हे विधान वाचून आपण सहसा पुढे सरकतो, कारण ते आपल्याला नीतिपर उपदेशाच्या खात्यात घालता येते आणि धुण्याच्या दगडाशी त्याचा संबंध जोडावा लागत नाही. माझे म्हणणे असे की हा संबंध जोडल्याशिवाय साबणाची निवड हा प्रश्न नीट मांडताच येत नाही. कारण मळ हा नष्ट होत नसतो, तो एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि माझ्या सदऱ्यावरून उठलेला मळ कोणाच्या नावे खर्ची पडला याचा हिशेब न ठेवता स्वतःच्या खात्यावर नुसती शुभ्रता जमा धरणे, हा द्रव्यव्यवहारातील लबाडीचाच एक प्रकार आहे.

आपल्या समाजाने हा हिशेब पूर्वी कसा ठेवला, हे पाहावयाचे तर परटाकडे पाहावे. बारा बलुतेदारांत त्याची गणना होती. गावची धुणी धुवावी आणि खळ्यावर आपले बलुते घ्यावे, ही त्याची वहिवाट. पण ज्याच्या हातून गावाचे कपडे निर्मळ होत, त्याच्या हातचा कपडा मात्र सोवळ्यास चालत नसे. परटाकडून आलेले धोतर कर्मठ घरात पुन्हा एकदा पाण्यातून काढल्याखेरीज नेसले जात नसे. काही स्मृतींनी तर सात अंत्यजांची गणना करताना रजकाचे नाव सर्वांत आधी घेतले आहे. दुसऱ्या बाजूस, जी धाबळी किंवा जो मुकटा वर्षानुवर्षे पाण्याचे तोंड पाहात नसे, ज्यावर तुपाचे, गंधाचे आणि धुराचे थर बसलेले असत, तो सोवळा! धुतलेले ओवळे आणि न धुतलेले सोवळे, हा विरोध आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस विरोध वाटला नाही, याचे कारण उघड आहे: त्यांच्या लेखी मळ हा वस्त्राचा गुण नव्हताच, तो स्पर्शाचा, म्हणजे माणसामाणसांतील अंतराचा गुण होता. मळ काढण्याचे काम ज्याच्याकडे दिले, त्याच्याच अंगावर तो कायमचा मांडून ठेवावयाचा, आणि आपण मोकळे व्हावयाचे, अशी ही तजवीज होती. जमा एका घरात आणि नावे दुसऱ्याच्या.

या तजविजीला दिलेले सर्वांत सरळ उत्तर परटाच्याच घरातून आले, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजीने, म्हणजेच पुढे ज्यांस महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला त्यांनी, शुद्ध होण्यासाठी तीर्थ किंवा मुकटा जवळ केला नाही; हातात खराटा घेतला, गावात शिरल्याबरोबर गाव झाडण्यास प्रारंभ केला, आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात उभे केले. स्वतःच्या अंगावर चिंध्यांचे पांघरूण आणि गावाच्या अंगावरचा केर मात्र स्वतः उचललेला: ज्यांना निर्मळपणाचा अर्थ इतक्या उघड्या डोळ्यांनी दिसला असे पुरुष आपल्याकडे फार झालेले नाहीत.

आता शुभ्रतेची गोष्ट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, चौथ्या अधिकरणाच्या आरंभी, रजकांसाठी नियम घालून दिलेले आहेत: लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवर कपडे धुवावेत, अन्यत्र धुतल्यास वस्त्राच्या नुकसानीची भरपाई आणि सहा पण दंड; गिऱ्हाइकाचा कपडा स्वतः नेसल्यास तीन पण, आणि तो विकल्यास, भाड्याने दिल्यास किंवा गहाण टाकल्यास बारा पण. (ज्यांची इस्त्रीची साडी कधी काळी शेजारच्या लग्नात दुसऱ्याच कोणाच्या अंगावर दिसली असेल त्यांना ही कलमे कालबाह्य वाटणार नाहीत.) त्याच प्रकरणात शुभ्रतेच्या पायऱ्या सांगितल्या आहेत; कळीसारखे पांढरे, शिळेवर धुऊन निघालेले, धुतलेल्या सुताच्या वर्णाचे आणि घासून लखलखीत केलेले, अशा क्रमाने एकेक रात्र वाढवून मुदत द्यावी, असे ते कलम आहे. शुभ्रतेस वेळ लागतो आणि वेळेस मर्यादा असते, एवढा व्यवहार त्यात आहे. त्याच्या पलीकडे शुभ्रतेस काही पारमार्थिक मूल्य आहे, असा कौटिल्याचा दावा नाही.

आजच्या पुडीचा दावा याहून मोठा आहे. वस्त्र जितके पांढरे असू शकते त्याहून अधिक पांढरे ते दिसावे, अशी सोय तिच्यात केलेली असते, आणि ती सोय मळ काढून केलेली नसते. जुन्या काळी नीळ घालीत, ती कपड्यावरचा पिवळेपणा निळ्या छटेने झाकीत असे. आता धुण्याच्या चूर्णात अशी द्रव्ये घालतात की जी सूर्यप्रकाशातील डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण शोषून घेऊन निळसर दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. ही द्रव्ये धुऊन जाण्यासाठी नसतात, वस्त्राच्या तंतूला चिकटून राहण्यासाठी असतात. म्हणजे ज्यास आपण स्वच्छता म्हणतो त्यातील काही भाग वस्त्रातून काही काढल्यामुळे नव्हे, तर वस्त्रात काही भरल्यामुळे आलेला असतो. फेसाचेही तसेच. फेस आणि मळ निघणे यांचे नाते आपण समजतो तितके जवळचे नाही. समोरून दार असलेल्या धुलाईयंत्रासाठी मुद्दाम कमी फेसाची चूर्णे बनवावी लागतात आणि कपडे त्यांनीही निघतात. तरी बादलीत फेस उभा राहिला नाही तर आपले समाधान होत नाही. धर्माच्या क्षेत्रात या वृत्तीस दंभ म्हणतात. धुण्याच्या क्षेत्रात तिला गुणवत्ता म्हणण्याचा शिरस्ता पडला आहे.

साबणावर धर्माच्या अंगाने पहिला आक्षेप आला तो चरबीचा. काडतुसाच्या चरबीवरून १८५७ साली काय झाले हे ज्यांच्या स्मरणात होते त्या समाजाला, गाईची की डुकराची हे न कळणारी चरबी घातलेली विलायती वडी अंगास किंवा देवाच्या वस्त्रास लावणे रुचणे शक्य नव्हते. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. त्यानंतर तीन दशकांनी आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईस केवळ वनस्पतितेलाचा साबण काढला आणि स्वदेशी व सोवळे या दोन्ही भावनांना एकाच वडीत स्थान मिळाले. हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. आपण अंगास काय लावतो, ते कोणाच्या देहातून आले, हा प्रश्न विचारणे म्हणजे मळाच्या जमाखर्चाचे पहिले पान उघडणे होय. तक्रार एवढीच की आम्ही ते पहिले पान वाचून वही मिटवली. साबणात चरबी नाही एवढे कळले की तो शुद्ध. मग तेल कोठून आले, सोडा कसा झाला, याची चौकशी कोणी केली नाही.

ती केली असती तर काय दिसले असते? स्वस्त साबणास स्वस्त सोडा लागतो. फ्रान्समध्ये निकोला लब्लाँ याने मिठापासून सोडा करण्याची कृती शोधून १७९१ साली तिची सनद मिळविली, आणि पुढे इंग्लंडात लँकेशायरच्या बाजूस तिचे प्रचंड कारखाने उभे राहिले. या कृतीत हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघे. तो धुराड्यांतून सोडून दिला जाई, आणि भोवतालची झाडे वठत, कुंपणे जळत, शेतकरी फिर्यादी करीत. अखेर १८६३ साली इंग्रजी पार्लमेंटास त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. एका गावची कॉलर पांढरी व्हावी म्हणून दुसऱ्या गावचे रान काळे पडत होते. तेलाचीही कथा वेगळी नाही. लिव्हर यांना १९११ साली बेल्जियन काँगोत ताडतेलासाठी विस्तीर्ण जमिनीचे हक्क मिळाले. त्या मळ्यांवर स्थानिक लोकांकडून सक्तीची मजुरी कशी घेतली गेली हे पुढे इतिहासकारांनी सरकारी दफ्तरांतूनच उघड केले आहे. त्या तेलात प्राण्याच्या चरबीचा लेशही नव्हता. सोवळ्याच्या व्याख्येत ते तेल निर्दोष बसते, आणि म्हणूनच ती व्याख्या अपुरी आहे.

पुढे साबणही मागे पडला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा दुष्काळ पडला तेव्हा तेथील रसायनशास्त्रज्ञांनी चरबीवाचून धुणारी द्रव्ये शोधण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून केलेल्या अशा चूर्णांनी बाजार काबीज केला. अमेरिकेत १९४६ साली टाइड आले, आपल्याकडे १९५९ साली सर्फ, आणि १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी स्वतः तयार केलेली निरमाची पिवळी पूड दारोदार विकण्यास सुरुवात करून, जे सुख मध्यमवर्गास परवडत नव्हते ते चाळीपर्यंत पोचविले. दख्खनच्या काळ्या दगडातून येणाऱ्या विहिरीच्या पाण्याची ज्यांस सवय आहे त्यांनाच या चूर्णाचे उपकार कळतील. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावून राखी रंगाचा चिकट साका होतो, फेस येत नाही, वडी झिजते आणि कपडा निबर होतो. दुष्फेन पाण्यात साबण लावीत बसणे म्हणजे अर्धी वडी मळाला आणि अर्धी पाण्याला देणे. नव्या चूर्णाने ही अडचण सोडविली, प्राण्याच्या चरबीचा प्रश्नच निकालात काढला, आणि बाईच्या मनगटाचे श्रमही थोडे वाचविले. एवढे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

पुढचे असे की पहिल्या पिढीतील या द्रव्याचा रेणू फांद्या फुटलेल्या रचनेचा होता, आणि नदीतील सूक्ष्म जंतूंना तो पचविता येत नव्हता. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा करून अपचनीय द्रव्यांवर निर्बंध घातले, अमेरिकेतील उद्योगाने १९६५च्या सुमारास सरळ साखळीचे द्रव्य स्वीकारले, आणि आज आपल्या पुडीत असते ते हेच. आपल्याकडे त्याचा कच्चा माल रायगड जिल्ह्यातील पाताळगंगेच्या परिसरातही तयार होतो. हे द्रव्य जंतूंना पचते खरे, पण ते पचविण्यास त्यांना प्राणवायू लागतो. जी नदी मैल्याने आधीच गुदमरलेली आहे तिच्यात ते पचन नीट होत नाही. शिवाय पाण्याचा कठीणपणा मोडण्यासाठी चूर्णात घातलेले फॉस्फेट हे शेवाळाचे खत ठरते. युरोपीय संघाने घरगुती धुलाईच्या चूर्णांत त्यावर २०१३ सालापासून कडक मर्यादा घातली आहे.

येथवरचा विचार रसायनशास्त्राचा झाला, तेव्हा आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आणि तो प्रश्न जितक्या नेमकेपणाने एका बौद्ध सूत्रात विचारला गेला आहे तितका अन्यत्र मला आढळला नाही. संयुत्तनिकायात खेमक नावाच्या भिक्षूची कथा आहे. कौशांबीतील घोषिताराम विहारातील वृद्ध भिक्षू त्यास विचारतात की, पंचस्कंधांपैकी कशालाही तू ‘हा मी’ असे म्हणत नाहीस, तर मग तू मुक्त झालास काय? आजारी असलेला खेमक काठी टेकीत त्यांच्याकडे येतो आणि सांगतो की नाही, ‘मी आहे’ अशी एक सूक्ष्म भावना अद्याप उरलेली आहे. ती कशी, हे समजाविण्यासाठी तो धोब्याचा दृष्टान्त देतो: मळकट वस्त्र धन्याने धोब्याकडे दिले, धोब्याने ते खारवट मातीने, क्षाराने किंवा शेणाने चोळले, स्वच्छ पाण्यात खळबळून काढले, मळ गेला, पण त्या मातीचा, क्षाराचा, शेणाचा वास मागे राहिला. ते वस्त्र सुगंधी पेटीत ठेवावे, तेव्हा कुठे तो वास जातो.

मनूने सांगितलेली खारमाती येथेही आहे, पण येथे तिच्यावरच संशय घेतलेला आहे. मळ गेल्यावर साधन उरते, आणि उरलेले साधन हाच शेवटचा मळ होय, हे खेमकाचे म्हणणे. व्रताचा अभिमान, ज्ञानाचा अहंकार, सोवळेपणाची घमेंड, ‘मी इतका निर्मळ झालो’ ही जाणीव: ज्याने साधना केली आहे त्याच्याच अंगाला हा वास येतो, आळशी संसारी माणसास तो येत नाही. याच जागेवर वेदान्ताने एक पाऊल पुढे टाकले असे म्हणावयास हवे. शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आत्मबोधात निवळीच्या बीचा दृष्टान्त आहे: गढूळ पाण्यात निवळीची पूड टाकली की ती पाणी निवळते आणि स्वतःही नाहीशी होते, त्याप्रमाणे ज्ञान अज्ञानाचा मळ घालवून स्वतःही निवृत्त होते. खेमकास वास घालविण्यासाठी आणखी एक पेटी लागली. आचार्यांच्या दृष्टान्तात पेटीची गरज नाही, साधन आपले काम करून आपणच निघून जाते. उत्तम साधनाचे लक्षण याहून अधिक थोडक्यात सांगता येणार नाही.

पण ज्याने कधी निवळी घातलेला रांजण तळापर्यंत रिकामा करून घासला आहे, तो माणूस येथे हात वर करील. निवळीची पूड नाहीशी होत नाही, महाराज. ती गाळाला धरून तळाशी बसते. वरचे पाणी पिणाऱ्यास ती दिसत नाही एवढेच. या आक्षेपाने वेदान्तास बाध येत नाही, कारण अज्ञान हे मुळात वस्तू नसल्यामुळे त्याला तळ नाही, आणि भ्रम गेल्यावर तो कोठे गेला हे विचारण्यात अर्थ नसतो. पण मळ ही वस्तू आहे. तिला तळ आहे. आध्यात्मिक शुद्धीचे नियम भौतिक शुद्धीस लावून आपण जी चूक केली ती हीच: आत्म्याचा मळ जसा ज्ञानाने निःशेष होतो तसा धोतराचा मळ साबणाने निःशेष होतो, असे आपण धरून चाललो, आणि रांजणाच्या तळाकडे पाहण्याचे टाळले.

तो तळ गेल्या काही वर्षांत वरती आला आहे. आळंदीस, जेथे १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, तेथील घाटासमोर इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना अनेकांनी पाहिले आहेत, आणि ऐन वारीच्या दिवसांत वारकरी तो फेस हाताने बाजूस सारून स्नान करीत असल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून आलेली आहेत. हे केवळ धुण्याच्या चूर्णाचे पाप नव्हे. वरच्या अंगाच्या पिंपरी-चिंचवड परिसरातील कारखान्यांचे सांडपाणी आणि वस्त्यांचा मैला यांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि सगळा बोजा एकट्या गृहिणीच्या बादलीवर टाकणे हा कारखानदारास सोयीचा न्याय होईल. तथापि वस्त्यांच्या सांडपाण्यात आपली बादली आहेच. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली प्रसिद्ध झाला, त्यात शुद्धी आणि तीर्थयात्रा हे दोन विषय एकाच बांधणीत आहेत. आपण त्यांपैकी एकाने दुसऱ्याचा नाश करून दाखविला. पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष किंवा अमेध्याने माखलेले काहीही टाकू नये, असा मनूचाच चौथ्या अध्यायातील नियम आहे. पाचव्या अध्यायातील रिठा आपण उचलला आणि चौथ्या अध्यायातील हा निषेध सोडून दिला.

अर्थशौचाचा आणखी एक पदर आहे, आणि तो नदीपेक्षाही जवळचा आहे. पुडी निवडते मालकीण आणि पाण्यात हात घालते धुण्याभांड्याची बाई. क्षाराने भेगाळलेली बोटे, नखांच्या कडेला पडलेल्या चिरा, हे ज्या हाताला होते त्या हाताला निवडीचा अधिकार नसतो. आणि ज्यास अधिकार आहे त्यास वास आवडला, फेस आवडला, सवलतीत बादली मिळाली, एवढे कारण पुरेसे होते. पूर्वी परटाच्या नावे मांडलेली बाकी आता मोलकरणीच्या तळहातावर मांडली जाते, इतकाच काय तो फरक. या बाबतीत गांधीजींच्या आत्मचरित्रातील एक प्रसंग मला आठवतो. दक्षिण आफ्रिकेत परटाचा खर्च आणि खोळंबा टाळण्यासाठी त्यांनी स्वतः धुण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी कॉलरची खळ न्यायालयात टपटप गळू लागली आणि बरोबरीचे वकील हसले. पुढे नामदार गोखले तेथे आले असता त्यांचे उपरणे, जे त्यांना न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून मिळाले होते आणि ज्याला ते जिवापलीकडे जपत, जोहान्सबर्गच्या समारंभासाठी इस्त्री करण्याचा मान गांधीजींनी मागून घेतला, गोखल्यांनी साशंक मनाने तो दिला, आणि इस्त्री उत्तम झाली. आपले धुणे आपल्या हाताने धुणारा माणूस कोणते चूर्ण आणील, हे सांगावयास रसायनशास्त्रज्ञ लागत नाही, हातच सांगतो.

तेव्हा निवड कशी करावी? ‘नैसर्गिक ते शुद्ध’ हा सोपा मार्ग मला मान्य नाही. रिठा मलाही प्रिय आहे, रेशीम आणि लोकर यांस त्याच्याइतके सौम्य दुसरे काही नाही, आणि निदान कांबळ्यांपुरती मनूचीही त्यास शिफारस आहे. पण त्यातील सॅपोनिन हे फेसाळ द्रव्य माशांस विषारी आहे, आणि रिठ्याचे पाणी झऱ्यात ओतणारा मनुष्य केवळ ते झाडावर लागले म्हणून निर्दोष ठरत नाही. ‘शास्त्रीय ते शुद्ध’ हेही तितकेच फसवे. साधन कोठून आले, कोणाच्या हातून गेले, आणि काम झाल्यावर कोठे जाऊन राहिले, या तीन प्रश्नांचे कमीत कमी लाजिरवाणे उत्तर ज्याचे देता येईल ते घ्यावे. पूर्ण निर्दोष उत्तर कोणत्याच पुडीजवळ नाही, आणि जी पुडी तसे छापते तिच्याकडे अधिकच बारकाईने पाहावे.

माझा निवाडा मी सांगतो. तो कोणास पटलाच पाहिजे असा आग्रह नाही. जेथे पाणी मृदू आहे तेथे वनस्पतितेलाची साधी वडी पुरेशी आहे. जेथे पाणी दुष्फेन आहे तेथे वडीचा हट्ट धरून निम्मी वडी साक्यात घालविण्यापेक्षा फॉस्फेट नसलेले, रंग, सुवास आणि चकाकीची द्रव्ये शक्य तितकी कमी असलेले चूर्ण आणावे, आणि पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या निम्मे घालून आधी पाहावे, कारण ते माप विकणाऱ्याने ठरविलेले असते. रेशमी पैठणी आणि लोकरीची शाल रिठ्याला द्यावी आणि ते पाणी अंगणातील मातीत जिरवावे. एकदा अंगावर घातलेला प्रत्येक कपडा धुतलाच पाहिजे, ही नव्या सोवळ्याची सक्ती मानू नये. आपल्या आजीची धाबळी याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी होती. पुडी कोणती आणावयाची हे जिच्या हातांना ती लागते त्या बाईस एकदा विचारावे. आणि कार्तिक वद्यात आळंदीस जाणाऱ्यांना विनंती आहे की, घाटावर धुणे धुवावयाचेच असेल तर पाणी बादलीत काढून काठापासून दूर, मातीवर धुवावे, नदीत नुसती बुडी मारावी, आणि साबणाची वडी गावातच ठेवून जावी.